हात वर

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या दिवाळीत, आमच्या गॅलरीत आकाशकंदील लागला नाही.

डोंबिवलीत असली गोष्ट लपत नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या काकूंनी मला रस्त्यात गाठलंच. "काय गं, यंदा तुमच्याकडे कुणी..." एवढं बोलून त्यांनी वाक्य अर्धं सोडलं आणि चेहरा सुतकी केला.

मी घाईघाईनं म्हटलं, "नाही हो काकू, सगळे सुखरूप आहेत."

"मग कंदील?"

"हात वर राहत नाही माझा."

काकूंनी माझ्या डाव्या हाताकडं नीट निरखून पाहिलं. सूज नाही, पट्टी नाही, प्लॅस्टर नाही. चार बांगड्या घातलेला चांगला धडधाकट हात.

"बरा दिसतोय की!" असं म्हणून त्या गेल्या.

वाचकहो, माझ्या दुखण्याची सगळी कहाणी त्या तीन शब्दांत आली.

या पानाच्या नेहमीच्या वाचकांना आठवत असेल, गेल्या वर्षी पावसाळ्यात आठ आठवडे हे पान बंद होतं. संपादकांनी 'लेखिकेच्या प्रकृतीअस्वास्थ्यामुळे' अशी एका ओळीची चौकट टाकली होती. त्यावर आपली पुष्कळ पत्रं आली. एका भगिनीनं दृष्ट काढायला सांगितलं. एका आजोबांनी निरगुडीच्या पाल्याचा शेक कळवला. आणि एका गृहस्थांनी, बाईंचे विषय संपले असावेत, असं स्वच्छ निदान केलं. त्या गृहस्थांसकट सगळ्यांना आज उत्तर देणार आहे.

"दिवाळी अंकात दुखण्याचं रडगाणं कशाला?" असं 'हे' म्हणाले. पण नरकचतुर्दशीला आपण आधी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मगच फराळाला बसतो. तेव्हा आधी थोडं कारीट. फराळ शेवटी आहेच.

मी डावखुरी. लहानपणी आईनं धपाटे घालून जेवणापुरता उजवा हात वळवला, पण लिहिणं डाव्या हाताचंच राहिलं. पंचवीस वर्षं दादरच्या एका शाळेत मराठी शिकवते आहे. फळ्यावर लिहिते ती डाव्या हातानं. डोंबिवलीहून दादरपर्यंत गाडीत कडीला लोंबकळते तीही डाव्या हातानं. उजव्या हातात वह्यांची पिशवी असते ना!

२०२२ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. आधी वाटलं, हातावर डोकं ठेवून झोपले असेन. मग रात्री दोन दोन वाजता जाग येऊ लागली. अंथरुणात शेजारी कुणा परक्याचाच हात येऊन पडलाय असं वाटायचं. उजव्या हातानं तो उचलून पोटावर ठेवायचा, चोळायचा, झटकायचा. पाचेक मिनिटांनी तो आपला व्हायचा. पण मग मानेपासून कोपरापर्यंत ठणका सुरू व्हायचा.

दिवसा वेगळीच तऱ्हा. फळ्यावर वरच्या बाजूला चार ओळी लिहिल्या की हात शिशाचा व्हायचा. एकदा 'आजचा सुविचार' लिहिताना खडू हातातून गळाला. पोरं हसली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गळाला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

घरी कन्येच्या दोन वेण्या घालायच्या असत. एक वेणी झाली की हात खाली घेऊन झटकायचा, दम खायचा, मग दुसरी. महिन्याभरानं कन्या एके दिवशी बापाबरोबर जाऊन केस कापूनच आली. "वर्गात सगळ्या मुलींनी कापलेत," म्हणाली. मी रागावले. इतके लांबसडक केस! पुढं शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो आला. त्यात वर्गातल्या सगळ्या मुलींच्या वेण्या होत्या. आमची एकटीच बिनवेणीची. तो फोटो मी कपाटात ठेवून दिला आणि तिला काही बोलले नाही.

आता डॉक्टरांकडं वळू.

पहिले आमचे घरचे डॉक्टर. डावा हात म्हटल्यावर त्यांनी आधी कार्डिओग्राम काढला. ते योग्यच केलं म्हणायचं. हृदय ठणठणीत निघालं. मग रक्त तपासलं. साखर बरोबर, बी-बारा जीवनसत्त्व थोडं कमी. इंजेक्शनं झाली. अंगात तरतरी आली, पण ती करंगळीपर्यंत काही पोचली नाही.

दुसरे हाडांचे डॉक्टर. त्यांनी मानेचा फोटो काढला आणि उजेडापुढं धरून सांगितलं, "मणक्यांची झीज." आता चाळिशी उलटल्यावर मानेचा फोटो काढला तर पुष्कळांच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसतेच, हे मला फार पुढं कळलं. त्यांनी गळ्याला पट्टा दिला. त्या पट्ट्याचे दिवस मात्र मी विसरणार नाही. पंचवीस वर्षांत प्रथमच मला बायकांच्या डब्यात आपण होऊन बसायला जागा मिळाली! "बसा हो, मानेचं दुखणं वाईट," असं म्हणत अनोळखी बायका उठत. दुखणं तसूभर कमी झालं नाही, पण निदान ते लोकांना दिसू लागलं. पट्टा काढला त्या दिवशी मी पुन्हा कडीला आले.

तिसऱ्यांनी मनगटातला मज्जातंतू दबतो असं ठरवून मनगटाला पट्टी दिली. त्या दुखण्यात अंगठा आणि त्याच्या जवळची बोटं बधिर होतात. माझी तर दुसऱ्या टोकाची दोन. हे मी सांगणार होते. पण बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली. मी 'करंगळी' हा शब्द उच्चारीपर्यंत पट्टी लिहून झाली होती.

चौथे मज्जातंतूंचे तज्ज्ञ. त्यांनी हाताला विजेचे बारीक झटके देऊन तपासणी केली, मानेचा एम.आर.आय. काढायला लावला. सगळं नॉर्मल आलं. "अभिनंदन!" ते मनापासून म्हणाले. परीक्षेचा निकाल नॉर्मल आला की माणसाला आनंद व्हायला हवा. मला मात्र नापास झाल्यासारखं वाटलं.

पाचवे फार नावाजलेले. तीन आठवड्यांनी वेळ मिळाली. त्यांनी जाडजूड फाईल भराभर चाळली, चष्मा काढला आणि माझ्याऐवजी यांना विचारलं, "घरात काही ताणतणाव? बाईंना जरा रमवा."

जिन्यात माझ्या डोळ्यांना पाणी आलं. 'हे' काही बोलले नाहीत. खाली हॉटेलात दोन चहा सांगितले. चहा संपत आला तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "अगं, खरंच इतकं दुखतं?"

वीस वर्षांच्या संसारात यांनी मला कधी वावगा शब्द बोललेला नाही. हाही वावगा नव्हता. पण त्या एका प्रश्नानं जे दुखलं, ते पाच डॉक्टरांच्या सुयांनी दुखलं नव्हतं. कारण त्याच सुमारास मी स्वतःलाही तोच प्रश्न विचारू लागले होते. पाच शिकलेली माणसं काही नाही म्हणतात, मग हे माझ्या मनाचंच तर नसेल? सासूबाईंचं तर ठरलेलंच होतं. "आमच्या वेळी नव्हती हो असली दुखणी," असं त्या देवाकडं पाहून म्हणत, म्हणजे ते मला ऐकू यावं.

असे एकामागून एक सगळ्यांनी हात वर केले. वर राहत नव्हता तो एकटा माझा.

हे पान बंद पडलं ते त्या दिवसांत. लिहायला बसलं की दहा ओळींत बोटं वाकडी व्हायची. आणि खरं सांगू का, जे आपलं आपल्यालाच खरं वाटेनासं झालंय, ते सोडून दुसरं काही सुचतही नव्हतं.

दिवाळी अशीच अंधारी गेली. नोव्हेंबरात मानेचे व्यायाम शिकायला म्हणून मला एका मोठ्या इस्पितळाच्या व्यायामोपचार विभागात पाठवलं. तिथं एक मुलगी होती. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची, पंचविशीतली. मी सवयीनं फाईल पुढं केली. तिनं ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बाई, फाईल मागाहून बघते. आधी तुमचा दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून हा हात कुठं कुठं असतो?"

अडीच वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी सांगत गेले. साडेचारला उठते. वरच्या फळीवरचे डबे काढते. न्हाणं, वेणीफणी. उंच दांडीवर काठीनं कपडे वाळत घालते. मग गाडी, तासभर कडी. शाळा, फळा. परत कडी. रात्री हात उशाशी घेऊन झोप. ती नुसती बोटं मोजत होती. शेवटी म्हणाली, "बाई, तुमचा हात दिवसभर वरच असतो की!"

मग तिनं मला खुर्चीवर ताठ बसवलं. दोन्ही कोपरं खांद्याच्या उंचीला, पंजे वर, आणि तीन मिनिटं मुठी सावकाश उघडायच्या-मिटायच्या. अगदी सिनेमातल्या पोलिसानं 'हात वर!' म्हणावं तसं ध्यान. मला हसू आलं. ते अर्ध्या मिनिटात विरलं. चाळिसाव्या सेकंदाला करंगळीत मुंग्या उठल्या. मग तळवा फिका पडला, दंड जळायला लागला, आणि सव्वा मिनिटाला डावा हात आपोआप मांडीवर कोसळला. उजवा आपला खुशाल मुठी उघडतमिटत राहिला.

तिनं घड्याळाकडं पाहून काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "दिसलं मला."

मी रडले, हे सांगायला आता लाजत नाही.

तिनंच मला वरच्या मजल्यावरच्या शस्त्रवैद्यांकडं नेलं. त्यांनी गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, म्हणजे मंगळसूत्र ज्याच्यावरून खाली येतं त्या हाडाच्या, वरच्या खळग्यात अंगठा दाबला. कळ थेट करंगळीत उतरली. त्यांनी छातीचा-मानेचा फोटो आणि रक्तवाहिन्यांची तपासणी करून घेतली, आधीचे सगळे अहवाल वाचले आणि मग दुखण्याचं नाव सांगितलं : थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. नाव जिभेला जड आहे, पण समजायला सोपं आहे.

माझं माहेर गिरगावातल्या चाळीतलं. आमच्या चाळीत शिरायला एकच बोळ. पाणीवाला, भाजीवाली, वरात, पालखी, सगळं त्यातूनच जायचं. कुणी कपाट आणलं की वाहतूक ठप्प! आपल्या गळ्याशी अगदी असाच बोळ आहे. खाली पहिली बरगडी, वर ते आडवं हाड, आणि मानेच्या बाजूनं बरगडीपर्यंत उतरणारे स्नायू म्हणजे त्या बोळाच्या भिंती. मानेतून निघणारे पाच मज्जातंतू एकमेकांत गुंफून याच वाटेनं हाताकडं जातात. हाताची शुद्ध रक्ताची रोहिणी आणि अशुद्ध रक्ताची नीलाही इथूनच. हात वर केला की बोळ आणखी अरुंद होतो. स्नायू ताठरलेले असले, खांदे पुढं पडलेले असले, की आतली मंडळी चेंगरतात. करंगळीकडं जाणारे तंतू सगळ्यांत खाली, थेट बरगडीवरून जातात. म्हणून पहिली हाक करंगळीची.

काही जणांना मानेत जन्मतःच एक जादा बरगडी असते. शंभरात एखाद्यालाच, आणि त्यांतल्या पुष्कळांना तिचा जन्मभर पत्ताही लागत नाही. असली बरगडी कापून काढण्याची शस्त्रक्रिया लंडनमध्ये १८६१ सालीच झाली होती. मला ती नाही. या दुखण्याला हे आजचं नाव पडलं ते १९५६ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांच्या लेखात. आणि ती 'हात वर' तपासणी अमेरिकेतलेच शस्त्रवैद्य डेव्हिड रूस यांनी १९६६ साली मांडलेली. पहिली बरगडी काखेतून काढायची रीतही त्यांचीच.

"मग इतक्या डॉक्टरांना कसं कळलं नाही?" यांनी विचारलं. यांचा आवाज जरा चढलाच होता.

शस्त्रवैद्य शांतपणे म्हणाले, "कारण याची एकच एक अशी तपासणी नाही. रक्तात दिसत नाही, फोटोत बहुधा दिसत नाही, विजेच्या तपासणीतही पुष्कळदा सगळं नॉर्मल येतं. 'हात वर' केल्यावर निरोगी माणसाचेही हात दुखू शकतात, तेव्हा त्या एकट्या तपासणीवरही विसंबता येत नाही. मान, मनगट, कोपर, हृदय यांची दुखणी आधी बाजूला सारावी लागतात. ते काम आधीच्या डॉक्टरांनीच केलंय. मग रोग्याचं म्हणणं ऐकायचं, हात लावून पाहायचं, आणि दोन्ही जुळवायचं. त्याला वेळ लागतो."

माझा राग त्या क्षणी निम्मा उतरला. उरलेला निम्मा त्या पाचव्यांसाठी अजून राखून ठेवला आहे.

खात्री करण्यासाठी त्यांनी मानेच्या त्या स्नायूत, सोनोग्राफीत पाहून, बधिर करणारं औषध टोचलं. "हे औषध नव्हे, परीक्षा आहे," त्यांनी बजावलं. "स्नायू सैल पडून हात हलका झाला, तर आपण बरोबर वाटेवर आहोत. काही तासांत पुन्हा पहिल्यासारखं होईल."

आम्ही घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. माझा डावा हात हलका होता! अडीच वर्षांत प्रथम. पण अगदी सिंड्रेलाच्या गोष्टीसारखं, घड्याळ चालू होतं. काय करावं? कंदील लावावा? दिवाळी तर होऊन गेली. लिहावं? सुचेना. कन्या शाळेत, आणि तिला वेणी कुठं होती!

सासूबाई खिडकीशी केस सोडून बसल्या होत्या. त्यांचे खांदे वयानं आखडलेत. मी मागं जाऊन बसले, फणी घेतली आणि त्यांचे केस विंचरायला लागले. हात वर, सलग. कापसासारखे पांढरे केस. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. अंबाडा घालून झाला तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाला गं?"

मी बोळाची गोष्ट सांगितली. करंगळीची सांगितली, रात्री दोन वाजताची सांगितली.

त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "विहिरीचं पाणी ओढायचे मी, सोळा माणसांचं. रात्री हात असाच मरायचा. मी उठून ओटीवर येऊन बसायची. हात मांडीवर घेऊन, मूल घेतात तसा."

"मग कुणाला सांगितलं नाहीत, आई?"

"कुणाला सांगणार? हात बरा दिसत होता ना."

त्यांचं दुखणं हेच होतं, असं मी म्हणत नाही. पण 'आमच्या वेळी नव्हती असली दुखणी' हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या घरातून गेलं. दुखणी होती. सांगायची सोय नव्हती. सहा वाजता माझा हात पुन्हा जड झाला, तेव्हा महानारायण तेलाची बाटली घेऊन त्या आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसल्या.

शस्त्रक्रियेची वेळ माझ्यावर आली नाही. मज्जातंतूच चेंगरत असतील तर आधी काही महिने व्यायाम, आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच बरगडी, असा शस्त्रवैद्यांचा शिरस्ता. त्या मुलीनं पहिला आठवडा मला काय शिकवलं असेल? श्वास घ्यायला! पन्नाशीला आलेल्या बाईला! पण त्यात मर्म होतं. आपण घाईघाईनं छातीच्या वरच्या भागानं श्वास घेतो तेव्हा मानेचे तेच स्नायू पहिली बरगडी वर ओढत असतात, म्हणजे बोळ खालून अरुंद होतो. पोटानं संथ श्वास घेतला की त्यांना विश्रांती मिळते. मग मानेचे हलके ताण, छाती उघडण्याचे, खांदे मागं घेणाऱ्या स्नायूंना बळ देण्याचे व्यायाम. 'दुखेपर्यंत ताणू नका' हे तिचं पालुपद.

पण खरा बदल व्यायामापेक्षा दिवसात करावा लागला.

शाळेत मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिते. तारीख आणि सुविचार लिहायला वर्गातला सर्वांत उंच मुलगा नेमलाय. त्याचं शुद्धलेखन इतकं दिव्य आहे की वर्गाला रोज चुका शोधायचा आपोआप अभ्यास होतो. वह्या आता घरी आणत नाही. मधल्या सुट्टीत तपासते. खांद्याला अडकवायची पर्स गेली, कमरेची आली. तिला कन्या 'कंडक्टरची पिशवी' म्हणते.

गाडीत मी कडी धरणं सोडलं. दाराजवळच्या आडोशाला पाठ टेकून उभी राहते. ते मिळालं नाही तर एक गाडी सोडते. आमच्या नेहमीच्या डब्यातल्या बायकांना एके दिवशी सगळं सांगून टाकलं. सांगायला दीड वर्ष उशीरच केला म्हणायचा. कारण विमा कचेरीतल्या बाई लगेच म्हणाल्या, "अहो, मग ठाण्यापर्यंत तुम्ही बसा, पुढं मी." गळ्यातल्या पट्ट्यावाचून मला जागा मिळाली!

स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचे रोजचे डबे कंबरेच्या उंचीला उतरले. वर गेली ती सणासुदीची पातेली. झोपताना हात डोक्याखाली घ्यायचा नाही. उजव्या कुशीवर वळून डावा हात उशीवर ठेवायचा. फोन मान वाकडी करून खांद्यात धरायचा नाही. चकलीचा सोऱ्या 'हे' दाबतात. यंदाच्या चकल्या जरा वेड्यावाकड्या वाटल्या, तर पाहुण्यांनी त्या माझ्या नावावर मांडू नयेत.

आता रुपयात दहा आणे बरी आहे. उरलेले सहा आणे राहतीलच, असं दिसतं. परीक्षेचे पेपर आले, गाडीत चेंगराचेंगरी झाली, की रात्र वाईट जाते. तेव्हा चिडचिड होते, ताटं आपटली जातात, 'हे' मुकाट्यानं ती उचलतात. पण आता रात्री दोनला जाग आली तर मला ठाऊक असतं की हे काय आहे. दुखण्याला नाव मिळाल्यानं ते बरं होत नाही. पण ते आपल्या डोक्यातून निघून हातात जातं, जिथलं तिथं. एवढ्यानंसुद्धा माणूस पुष्कळ हलका होतो.

जाता जाता दोन गोष्टी सांगते; मास्तरीण आहे, सांगितल्याशिवाय राहवणार नाही. करंगळीला मुंग्या आल्या म्हणून हा लेख वाचून आपलं आपण निदान करू नका. मुंग्यांची कारणं ढीगभर आहेत. डाव्या हाताबरोबर छातीत दडपण आलं, घाम फुटला, तर तडक इस्पितळ गाठा. हात एकाएकी सुजला, निळसर पडला, किंवा बोटं पांढरीफटक नि गार पडली, तरीही थांबू नका. या बोळातली रोहिणी किंवा नीला अडली असेल तर ते घाईचं काम असतं. आणि एरवी डॉक्टरांकडं जाताना फाईलीच्या वर एक कागद ठेवा : कोणतं बोट, किती वाजता, काय करत असताना, काय केल्यावर उतरतं. त्यांच्याकडं वेळ थोडा असतो. आपलं म्हणणं एका कागदावर असलं तर करंगळी राहून जात नाही.

आता फराळ.

यांना स्टुलावर चढलं की घेरी येते, म्हणून लग्नापासून आमच्याकडं कंदील लावायचं काम माझं. यंदा नवरात्र संपल्यावर 'हे' एका रविवारी दिवसभर गॅलरीत सुताराबरोबर खुडबुड करत होते. मला बघायची बंदी. संध्याकाळी हाक मारली. छताला एक छोटी कप्पी, तिच्यातून ओवलेली पांढरी दोरी, आणि कठड्याला खुंटी. शेजारी तसल्याच कप्प्यांवर कपडे वाळत घालायची नवी दांडी. खाली घ्यायची, कपडे टाकायचे, दोरी ओढून वर न्यायची.

"कंदील खालीच बांधायचा," 'हे' म्हणाले. "मग दोरी ओढायची. खाली ओढायची, हात वर न करता."

जिन्यातल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी यांना कधी दिलं नव्हतं. यांनीही तो पुन्हा विचारला नाही. कप्पी बसवली.

यंदा वसुबारसेला कंदील मीच लावणार आहे. कन्येनं केस पुन्हा वाढवायला घेतलेत. ते अजून खांद्यापर्यंतच आलेत. तोवर माझाही सराव होईल. सासूबाई कठड्याशी खुर्ची टाकून बसणार आहेत, आणि समोरच्या काकूंना मी आधीच सांगून ठेवलंय.

"बरा दिसेल हो," म्हटलं, "कंदील."